दोन टिंबांचं डोकं

सोमवारी सकाळी सव्वादहाला नकाशेताई खुर्चीतून उठली, आणि या खेपेला उठायला कारण होतं.

एरवी तिला कारण लागत नाही. बसली की डावा पाय हलतो, पाय हलला की टेबल हलतं, टेबल हललं की पलीकडे बसलेली मंडळी ओरडतात, "ताई, भूकंप!" मग ती उठते, खिडकीपर्यंत जाते, बाहेर काहीच चाललेलं नसतं, परत येते. पेला भरून ठेवते आणि पाणी पीत नाही. पंखा बंद करते, लावते. पण ही सगळी चुळबुळ मनगटापर्यंतच. मनगटाच्या पुढे दुसरंच कुणीतरी राहतं. हातात पेन आलं की बोटं अशी स्थिर होतात की वर काठोकाठ भरलेली कपबशी ठेवावी.

तिचं सगळं आयुष्य या बोटांनीच ओढलं. बावीस वर्षं ती भूमापन कचेरीत होती. कागदोपत्री अनुरेखक, बोलण्यात ट्रेसर. खाली जुना नकाशा, वर पारदर्शक कापड, हातात शाईचं पेन. ओढे, बांध, विहिरी जशाच्या तशा वर उतरवायच्या. पुढे यंत्रं आली, तिचं काचेचं टेबल तळघरात गेलं आणि तिला टपालावर शिक्के मारायला बसवलं. एक दिवस एका जुन्या नकाशाची नक्कल न्यायला एक प्रोफेसरबाई आल्या. नक्कल उजेडात धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"ही कुणी काढली?"

"मी. का? चुकलंय कुठे?"

"एकही रेघ दोनदा गिरवलेली नाही. मला हा हात पाहिजे."

"हात एकटा यायचा नाही," ती म्हणाली. "मलाही यावं लागेल."

अशी ती मेंदूच्या प्रयोगशाळेत आली. त्याला आता नऊ वर्षं झाली.

इथलं काम तसं जुन्यासारखंच. माणूस एमआरआयच्या नळीत झोपतो, मशीन त्याच्या डोक्याचे पावाच्या कापांसारखे पातळ फोटो काढतं. त्या कापांमध्ये दोन्ही बाजूंना, कानाच्या आत खोलवर, बदामाएवढा एक भाग असतो. भीती, ओळखीचा चेहरा, समोरच्याची नजर, अशा गोष्टींशी त्याचा संबंध आहे. ताईनं प्रत्येक कापावर त्या बदामाची कड पेनानं आखायची. सगळ्या कडा जोडल्या की आकार किती ते कळतं. ऑटिझम असलेल्या माणसांचा आणि नसलेल्यांचा बदाम वेगळा असतो का, आणि त्याचा माणसं समजण्याशी काही धागा लागतो का, हा बाईंचा प्रश्न. कॉम्प्युटरही आखतो, पण त्याचं बरोबर आलं की नाही हे ताईच्या रेघेवरून ठरतं. करड्यात करडं मिसळलेलं असतं. "उन्हाळ्यातली नदी आखायची की पुरातली, तसलं काम आहे हे," ताई म्हणते.

आणि नियम एकच. डोकं कुणाचं, हे आखणाऱ्याला कळता कामा नये. फक्त नंबर.

"तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "कुणाचं आहे ते कळलं की हात लबाडी करतो. मालकाला न विचारता."

तर सोमवारी सव्वादहाला पडद्यावर एकशे एकोणीस नंबरचं डोकं आलं, आणि त्याला दोन टिंबं होती.

टिंबाचं असं आहे. फोटोत डावं-उजवं उलटू नये म्हणून नळीत जाणाऱ्याच्या उजव्या कानशिलावर तेलाची एक छोटी कॅप्सूल चिकटवतात. फोटोत ती पांढऱ्या टिंबासारखी दिसते. टिंब ती उजवी बाजू. नऊ वर्षांत प्रत्येक डोक्याला एक टिंब. याला दोन. अगदी समोरासमोर, जणू पट्टीनं मोजून लावलेली.

आणि तीन आठवड्यांपूर्वी, याच अभ्यासासाठी नळीत जाऊन आल्यावर, जेवताना तिचा धाकटा भाऊ म्हणाला होता, "त्या एकाच बाजूला लावत होत्या. मी म्हटलं, दुसरीकडे पण लावा, नाहीतर डोकं कलतं."

ताई खिडकीपर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली.

*

धाकटा अडतीस वर्षांचा. एका बाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे. आठ-आठ पानांचे गठ्ठे शिवायचे, पुठ्ठे कापायचे, खळ लावायची. त्याचं पुस्तक कुठल्याही पानावर उघडा, पसरून पडतं. ऑटिझमचं निदान व्हायला त्याची तिशी उजाडली. त्या निदानाच्या कागदावर कुणीतरी 'स्वमग्न' असा शब्द वापरला होता. धाकट्यानं तो वाचला आणि डॉक्टरांना म्हणाला, "हे चुकलंय. मी स्वतःत मग्न नसतो. पुठ्ठ्यात असतो."

आई गेल्यापासून तो दादा-वहिनीकडे राहत होता. आता दादाची दुसऱ्या गावी बदली झाली होती. महिनाअखेर सामान हलणार होतं. धाकट्यानं सरळ जाहीर केलं, "मी येत नाही. दुकानाच्या वर खोली आहे, तिथे राहणार. एकटा." खोली द्यायला दुकानाचे मालक बाइंडरकाका एका पायावर तयार होते. त्यांची अट एवढीच, की करारावर घरच्या कुणाची तरी सही पाहिजे. आणि धाकट्याच्या सगळ्या कागदांवर पालक म्हणून नाव दादाचं.

"ताईकडे राहा की," वहिनी म्हणाली होती.

"नको. ती दर अकरा मिनिटांनी उठते."

"मोजलंस?" ताईनं विचारलं.

"सरासरी."

सगळे हसले. दादा सोडून. दादा वाईट नाही. दादा घाबरलेला आहे, आणि घाबरला की तो हेडमास्तरासारखा बोलतो.

"हे बघ, शिवण-टिपण त्याला येतं, स्वयंपाक येतो, सगळं मान्य. पण समोरच्याच्या मनात काय चाललंय हे त्याला कळतं का? उद्या कुणी गोड बोलून घरात शिरला तर? ताई, तू हेच मोजतेस ना? त्याचा फोटो तुमच्याकडे आहे ना? मग मोज. लिहून आण. जमेल म्हणत असेल तर मी डोळे झाकून सही करतो. नसेल तर तो आमच्याबरोबर येतो. विषय संपला."

"अरे, तसं नसतं ते..."

"कसं नसतं? नऊ वर्षं काय करतेस मग? चित्रं रंगवतेस?"

हे तिला झोंबलं. त्याहून जास्त झोंबलं ते धाकट्याचं. तो ताटातून मान वर न करता म्हणाला, "मोज. मलाही कळेल."

नंबर लपवलेला असतो, मला कळणारच नाही, असं सांगून तिनं वेळ मारून नेली होती. ते खरंही होतं. सोमवारी सव्वादहापर्यंत.

*

अशा वेळी काय करायचं तेही नियमात होतं. हात वर करायचा, ओळख पटली म्हणायचं, ते डोकं दुसऱ्या आखणाऱ्याकडे जातं. एका वाक्याचं काम.

ताईनं दार लोटून घेतलं आणि आखायला बसली.

पाय हलत होता. बोटं शांत होती. चाळीस मिनिटांत उजवा बदाम झाला. कॉम्प्युटरनं आकडा दिला : एक पूर्णांक एकाहत्तर घन सेंटिमीटर.

बरं. म्हणजे काय?

मोठा का लहान? ऑटिझम असलेल्या लहान मुलांत तो सरासरीनं थोडा मोठा सापडतो, हे तिला ऐकून माहीत होतं. मोठेपणी फरक पुसट होतो, आणि काही अभ्यासांत तर उलटंच दिसतं, हेही. मग अडतीस वर्षांच्या बाइंडरचा किती असावा म्हणजे दादा सही करेल?

पुसून तिनं पुन्हा आखला. एक पूर्णांक चौऱ्याण्णव.

ताईनं आकड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. तिला न सांगता अधूनमधून जुनंच डोकं नवा नंबर लावून परत तिच्यासमोर ठेवतात, हात जागेवर आहे ना हे तपासायला. नऊ वर्षांत तिच्या दोन रेघांमध्ये कधी पाच-सहा शतांशांहून जास्त फरक आला नव्हता. आणि हा?

मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिनं तिसऱ्यांदा आखला. एक पूर्णांक अठ्ठावन्न.

तिनं तिन्ही रेघा एकावर एक ठेवून पाहिल्या. जिथे कड स्पष्ट होती, तिथे तिन्ही एकच. जिथे करड्यात करडं मिसळत होतं, तिथे एकदा हात बाहेर पळाला होता, एकदा आत. मोठा आला की भीती वाटून लहान केला, लहान आला की संशय येऊन मोठा. तिला न विचारता. बावीस वर्षं लोकांचे बांध आखले, कुणाच्या बाजूनं केसभर सरकली नाही. आणि आता सख्ख्या भावाच्या डोक्यात रेघ इकडची तिकडे करून आली होती.

बुधवारी दादाचा फोन. "झालं?"

"होतंय."

"रविवारपर्यंत हं. ट्रकवाल्याला कळवायचंय, एक खाट जास्त की कमी."

खाट! तिनं फोन ठेवला आणि इमारतीच्या जिन्यानं तीन मजले खाली जाऊन वर आली. पेन घरी विसरल्यासारखं वाटलं, पर्स उपसली. पेन केसांत होतं.

*

गुरुवारी ती बाईंच्या खोलीत शिरली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मी लबाडी केली."

"बसा."

"बसवत नाही."

"मग उभ्यानं सांगा."

तिनं सांगितलं. टिंबं, दादा, तीन आकडे. बाईंनी आधी मशीनवालीला बोलावलं. ती पोरगी धावत आली.

"एकशे एकोणीसला दोन कॅप्सूल कशा?"

"बाई, ते एक लावूच देईनात! म्हणाले, एक तर दोन, नाहीतर शून्य. दोन लावल्या तर इतके गप्प पडून राहिले, बाई, की मीच दोनदा विचारलं, जागे आहात ना? इतका सुंदर फोटो वर्षभरात आला नव्हता. लिहायचं राहिलं."

"राहिलं," बाई म्हणाल्या. "लोक हलतात म्हणून आपण निम्मे फोटो फेकून देतो, आणि जो हलला नाही तो तुझ्यामुळे जातोय. जा, आता लिही."

ती गेली. बाईंनी एक कागद ओढला, लाल पेनानं त्यावर शंभरेक ठिपके दिले, मग निळ्यानं तितकेच. लाल थोडे उजवीकडे सरकलेले, निळे थोडे डावीकडे, मध्ये सगळी खिचडी.

"लाल म्हणजे ऑटिझम असलेले. निळे नसलेले. दोन्ही गर्द्यांचा मध्य काढला तर जरासा फरक दिसतो. तो फरक खरा असेल, तर त्यातून आपण काहीतरी शिकू. आता हा घ्या." त्यांनी मध्येच पेन्सिलीनं एक ठिपका दिला. "हा तुमचा भाऊ. रंग सांगा."

ताईनं कागद आडवा-उभा फिरवून पाहिला.

"नाही सांगता येत ना? मलाही नाही. आणि रंग कळला तरी दारात आलेला माणूस त्याला ओळखता येईल का, ते या ठिपक्यात लिहिलेलं नाही. बदाम, चेहरे आणि माणसं समजणं यांच्यात दोरी आहे, ताई. पण ती सैल आहे, आणि मध्ये हजार गाठी आहेत. मी गर्दी मोजते. तुमच्या दादांना माणूस मोजून हवाय."

"मग मी दादाला काय देऊ?"

"मी लिहून देते. 'या मोजमापातून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.' सही, शिक्का."

"नको. 'माहीत नाही' असा कागद त्याला चालायचा नाही. तो त्याची होडी करेल."

बाई हसल्या नाहीत. "तुमचं या आठवड्याचं सगळं काम बाजूला. सोमवारपासून जुनी दहा डोकी पुन्हा आखा. हात जागेवर आला की मग पुढचं. आणि ताई, आलात ते बरं केलंत, पण सोमवारी यायचं होतं."

"हो."

बाहेर आल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रविवार तसाच समोर उभा होता आणि हात रिकामे होते.

*

रविवारी सकाळी तिघं भावंडं दुकानाच्या वरच्या खोलीत भेटली. एक खिडकी, एक फळी, शेगडी. नुकतीच पुसलेली फरशी अजून ओली होती, म्हणून धाकट्यानं दोघांना दारातच चपला काढायला लावल्या. करार खिडकीच्या कठड्यावर ठेवलेला, वर पुठ्ठा कापायची लोखंडी पट्टी.

ताईनं तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "तू थांब. आधी माझं." आणि धाकट्याकडे वळून, "काल दुपारी तू खोली झाडत होतास, तेव्हा इथे कोण आलं होतं?"

"मीटर तपासणारा."

"ओळखपत्र मागितलंस?"

"नाही."

"आत घेतलंस?"

"हो. पाणी पण दिलं."

दादानं ताईकडे असं पाहिलं, जसा वकील न्यायाधीशाकडे बघतो. "ऐकलंस? मीच पाठवला होता. मुद्दाम. तुझ्या मशीनची वाट बघत कोण बसणार? मी म्हटलं, सरळ परीक्षा घ्यावी. आणि पहिल्याच परीक्षेत..."

"तू पाठवलास?" ताईचा आवाज चढला. "भावाच्या दारात सोंग पाठवलंस?"

"माहीत आहे," धाकटा म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तो तुझा मित्र आहे ते. तुझ्या लग्नाच्या फोटोत मागच्या ओळीत तिसरा. डावा कान उजव्यापेक्षा वर आहे. टोपी घातली तरी कान तिथेच राहतात."

"मग ओळखलंस तर बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, त्याची आधीची नोकरी गेली. तूच सांगितलंयस, नोकरीबद्दल विचारायचं नाही, लोकांना लागतं."

ताईला हसू फुटलं. दादा तिच्यावर खेकसला, "हसू नकोस! अगं, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की हे सोंग आहे!"

"कळलं," धाकटा म्हणाला.

"कधी?"

"चार मिनिटांनी. तो मीटर बाथरूममध्ये शोधत होता. मीटर जिन्याखाली आहे."

"आणि तरी हाकललं नाहीस?"

"तुझा मित्र म्हणजे तू पाठवला असणार. म्हटलं, दादाला काहीतरी बघायचं असेल. बघू दे. त्याला घाम फार आला होता."

खाली दुकानात कुणीतरी कागद कापत होतं. पातं खाली आल्याचा आवाज होत होता. दादा कठड्याला टेकला. ताई आता खोलीत येरझारा घालायला लागली होती, ओल्या फरशीवर अनवाणी.

"माझंही ऐक," ती म्हणाली. "मी मोजलं. तीनदा मोजलं आणि तीन आकडे आले. कारण ते त्याचं डोकं आहे हे मला कळलं होतं. माझा हात फिरला, दादा. माझा! ते सगळं आता रद्द झालंय. तुझीही परीक्षा रद्द. ओळखीचा माणूस पाठवलास."

"म्हणजे अनोळखी पाठवायला हवा होता."

"आणि अनोळखी आला असता तर?" ताईनं धाकट्याला विचारलं. हे दादाला दाखवायला विचारलेलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

धाकट्यानं करारावरची पट्टी कागदाच्या कडेला समांतर केली, पाहिली, पुन्हा केली.

"माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "आल्यावर कळेल."

"बघ!" दादा म्हणाला.

"काय बघ? तुला तरी माहीत असतं?" ताई थांबली. "मागच्या वर्षी पाण्याचं यंत्र विकायला एक जण आला, त्याला तू तीनदा चहा पाजलास. गोड बोलला ना तो? ते यंत्र अजून गळतंय. वहिनी खाली टोपलं ठेवते."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

दादानं डोळे चोळले. हेडमास्तर कुठेतरी निघून गेला आणि मागे एक थकलेला, सामान बांधून दमलेला माणूस उरला. "त्याला काही झालं तर मी सहा तासांच्या अंतरावर असणार," तो हळूच म्हणाला. "सहा तास, ताई."

"मी वीस मिनिटांवर आहे."

"तू वीस मिनिटांवर आहेस," त्यानं पुन्हा म्हटलं, जणू पाठ करतोय. मग लोखंडी पट्टी उचलली, करार ओढला आणि सही केली. पेन टेकवलेलंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. धाकट्यानं पुढे होऊन त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

"रोज संध्याकाळी फोन करायचा," दादा म्हणाला.

"रविवारी अकरा वाजता करीन. रोज सांगण्यासारखं काही होत नाही."

"मग बुधवारी पण."

"बुधवारी काय असतं?"

"काही नसतं. मला झोप लागणार नाही म्हणून."

धाकट्यानं हेही तोलून पाहिलं. "मग बुधवारी तू कर. मी उचलीन. बोलेनच असं नाही."

"चालेल."

दादा चपला घालून खाली बाइंडरकाकांशी बोलायला गेला. त्याची पावलं मधल्या पायरीवर थांबली, वर यायला वळली, पुन्हा खाली गेली.

"आणि मी?" ताईनं विचारलं. "मी कधी फोन करू?"

"तू फोन करत नाहीस. तू येतेस."

ही तक्रार की बोलावणं? तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो कराराचा कागद कडेला कड लावून दुमडत होता, आणि चेहरा नेहमीसारखाच होता. अडतीस वर्षं बघत आलेला तो चेहरा, आणि तिला काही म्हणता काही कळेना.

"येऊ की नको?" तिनं सरळच विचारलं.

"शुक्रवारी ये," तो म्हणाला. "शुक्रवारी खळ लावलेली असते. वाळेपर्यंत मी रिकामा असतो."